ताकादानोबाबाचे परीक्षार्थी

तोक्योच्या यामानोते लाइनवर ताकादानोबाबा नावाचं स्टेशन आहे. गाडी थांबली की फलाटावर 'ॲस्ट्रो बॉय' या कार्टूनची धून वाजते आणि बाहेर पडलं की वासेदा विद्यापीठाकडे जाणारा रस्ता लागतो. इथवर सगळं जपानी. मग मान वर केली आणि मी चक्रावलोच. इमारतींच्या मजल्यामजल्यावर चिनी क्लासच्या चिनी पाट्या, यशस्वी विद्यार्थ्यांच्या याद्या, त्यांत तोक्यो, क्योतो, वासेदा, केइओ या विद्यापीठांची नावं. लातूरच्या क्लासवाल्या गल्ल्या पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. पण शहर जपानचं, विद्यार्थी चीनचे आणि शिकवणारेही बरेचसे चीनचेच!

मी रस्ता विचारला तो मुलगा हनान प्रांतातला निघाला. इंग्रजी बरं होतं, भूकही लागलेली होती. मला घेऊन तो एका चिनी खानावळीत शिरला. इथे जपानी जिभेसाठी तिखट कमी करत नाहीत, हे पहिल्याच घासाला कळलं. डोळे पुसत मी विचारलं, "घरदार सोडून इकडे का?"

"गाओकाओ," एवढंच म्हणून तो नूडल्सकडे वळला.

गाओकाओ म्हणजे चीनची विद्यापीठ प्रवेश परीक्षा. २०२४ मध्ये तिला १ कोटी ३४ लाख मुलं बसली, त्यांतली तेरा लाखांवर एकट्या हनानची. नामवंत विद्यापीठांच्या जागा मूठभर. अमेरिका महाग, शिवाय व्हिसाची धास्ती. जपानच्या राष्ट्रीय विद्यापीठांचं ठरलेलं शुल्क मात्र वर्षाला ५,३५,८०० येन, म्हणजे तीन लाख रुपयांच्या आसपास (तोक्यो विद्यापीठाने २०२५ पासून ते वाढवलं). घर विमानाने चार-पाच तासांवर, आणि आठवड्याला २८ तास काम करायची मुभा. २०२४ मध्ये जपानमधल्या ३ लाख ३६ हजार परदेशी विद्यार्थ्यांत सव्वा लाखाच्या आसपास चिनी होते.

पण गंमत अशी, की एका परीक्षेतून सुटलेली ही मुलं इथे दुसरीच्या घाण्याला जुंपलेली. परदेशी विद्यार्थ्यांची परीक्षा जून आणि नोव्हेंबरमध्ये होते: जपानी भाषा, गणित, विज्ञान किंवा 'जपान आणि जग'. त्यावर अनेक विद्यापीठांची स्वतःची चाचणी आणि मुलाखत. लिपीतल्या चिनी अक्षरांमुळे चिनी मुलांना जपानी मजकुराचा अंदाज चटकन येतो. ऐकताना आणि बोलताना मात्र घाम फुटतो.

आणि हे आजचं नाही. १८९५ मध्ये चीन जपानकडून युद्धात हरला. पुढच्याच वर्षी चिनी सरकारने तेरा मुलं शिकायला पाठवली, तीही जिंकणाऱ्याच्याच घरी! हरलेल्याची ही हिंमत मला जिंकणाऱ्याच्या तोफांपेक्षा मोठी वाटते. १९०५ मध्ये चीनने तेराशे वर्षं चालत आलेली राजदरबारी परीक्षाच मोडीत काढली. अधिकारी होण्याचा जुना रस्ता बंद होताच तरुणांचे लोंढे तोक्योकडे वळले. वर्षभरात संख्या आठेक हजारांवर गेली. वासेदाने त्यांच्यासाठी वेगळा विभाग उघडला. तेव्हा परीक्षा गेली म्हणून आले, आता परीक्षा छळते म्हणून येतात.

(पुढचंच स्टेशन मेजिरो. तिथल्या जपान महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ काढलं. जपानकडे डोळे लावून बसलेले केवळ चिनी नव्हते.)

जुन्या चिनी विद्यार्थ्यांचा मोहल्ला कांदा-जिंबोचो भागात होता. जुन्या पुस्तकांच्या दुकानांलगत कान्योरो नावाचं १९११ सालचं चिनी उपाहारगृह अजून चालू आहे. पुढे चीनचे पंतप्रधान झालेले चाऊ एन-लाय विद्यार्थिदशेत तिथे जेवायचे, हे दुकान अभिमानाने सांगतं. १९१७ मध्ये आलेल्या चाऊंनी दोन नामांकित संस्थांच्या प्रवेश परीक्षा दिल्या. दोन्हींत नापास. १९१९ मध्ये परत गेले.

मी हे सांगितल्यावर हनानच्या मुलाचे डोळे चमकले.

"कशात गेले?"

"जपानी कच्चं होतं म्हणतात."

"मग बरोबर," तो बिल मागवत म्हणाला, "तेव्हा आमचा क्लास नव्हता ना!"