हौद आणि सॉकेट

सदाशिव पेठेत राहणाऱ्याला हौद म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. अठराव्या शतकाच्या मध्याला, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावातून नळाने पाणी शहरात आणले गेले आणि ठिकठिकाणच्या हौदांतून ते वाड्यांना आणि पेठांना मिळू लागले. काही हौद वाड्याच्या आत होते, काही रस्त्यावर. ज्याच्या वाड्यात हौद, तो निश्चिंत. बाकीच्यांनी घागर घेऊन बाहेर पडायचे. हा फरक आम्ही पुस्तकात वाचला होता. तो अंगावर आला विजेची स्कूटर घेतल्यावर.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. इमारतीला पार्किंग नाही. गाडी गल्लीत लागते आणि तिची बॅटरी काढून वर नेता येत नाही. पहिले काही महिने आम्ही गॅलरीतून वायर खाली सोडत असू. विहिरीत पोहरा सोडावा तशी. फरक एवढाच, की इथे वरचे खाली पोचवायचे होते. पावसाळा लागला तसे तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले, "सर, कुणा पोराला शॉक बसला तर?" आम्ही वायर गुंडाळून ठेवली. त्यांचे म्हणणे खरे होते.

मग सार्वजनिक चार्जिंगचा शोध सुरू झाला. फोनवरच्या नकाशात ठिपके पुष्कळ. एका ठिपक्यावर गेलो तर तो तळघरात, आणि तळघर रात्री बंद. दुसरा केवळ चारचाकींसाठी. तिसऱ्यापुढे पेट्रोलची गाडी निवांत उभी. चौथा चालू होता, पण त्याला स्वतःचे ॲप आणि आगाऊ पैसे हवे होते. शहरांत तीन किलोमीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनात निदान एक चार्जिंग केंद्र असावे, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले होते. मोजणीला हे ठीक. परंतु चार-पाच तास गाडी लावून ठेवायची असेल, तर तीन किलोमीटर हे अंतर फार होते. सावकाश चार्जिंगचे ठिकाण घराच्या जवळच हवे, रस्त्यावरच्या हौदासारखे.

आणि ते अवघडही नाही. स्कूटरला साधा पंधरा अँपिअरचा सॉकेट पुरतो. चार्जिंगची सेवा देणे म्हणजे वीज विकणे नव्हे, त्यासाठी परवाना लागत नाही, असे याच मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. किराणा दुकानदार, वाचनालय, महाविद्यालय, कुणीही ही सोय करू शकते.

महाविद्यालय हा शब्द लिहिताना लेखणी अडखळते. आमच्या महाविद्यालयाने वाहनतळात चार सॉकेट बसवले, तेव्हा ते संध्याकाळी परिसरातल्या लोकांना पैसे घेऊन वापरू द्यावेत का, असा प्रश्न बैठकीत निघाला होता. सुरक्षेचे कारण पुढे आले. आम्ही दोघेही तिथे होतो आणि गप्प बसलो. आमची सोय झाली होती.

असो. पुढे एका संध्याकाळी, आमची स्कूटर आत चार्ज होत असताना, जेवणाचे डबे पोचवणारा एक मुलगा फाटकावर आला. त्याची गाडी बंद पडत आली होती. "अर्धा तास द्या, काका," तो रखवालदाराला म्हणत होता. रखवालदाराने नियम सांगितला. मुलगा गाडी ढकलत निघून गेला. त्याच आठवड्यात, १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, हे आम्ही वर्गात सांगितले होते. त्या धैर्याशी चार सॉकेटांची तुलना करणे उद्धटपणाचे होईल. पण खाजगी आणि सार्वजनिक यांच्यामधले दार आतून उघडावे लागते, एवढे तरी आम्ही त्या प्रसंगावरून शिकायला हवे होते.

गेल्या महिन्यात आम्ही प्राचार्यांना पत्र दिले. दोन सॉकेट कुंपणाच्या रस्त्याकडच्या बाजूला, छपराखाली बसवावेत; दराची पाटी मराठीत, ठळक लावावी; विजेचा मीटर वेगळा असावा. पत्राच्या आरंभी, त्या बैठकीत आम्ही बोललो नाही ही आमची चूक होती, असे लिहिले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. आमची स्कूटर अजून आतच चार्ज होते.