आबा, तुमचा ‘आपण’

आबा,

ज्येष्ठ लागला की अजून हात खुंटीकडं जातो. तुमची पडशी तिथंच आहे.

२०२० च्या चैत्री एकादशीला किती भांडले मी तुमच्याशी! कोरोनामुळं देवळाला कुलूप, तरी मागच्या दारानं सातजण भजनाला बसलात. आरोग्यसेविकेचा बाप! गावाला मी कोणत्या तोंडानं सांगायचं? “विठोबाच्या दारात कसला रोग?” म्हणालात. पटकीची सुई टोचून घेऊन आजी वारीला जायची, ही गोष्ट मला कुणी सांगितली होती, आबा?

आषाढी जवळ आली. मी तासभर समजावत होते. तुम्ही जाऊ नका, तुमचं वय झालंय, तुम्हाला साखर आहे. तुम्ही गप्प. मग दिंडीच्या विणेकऱ्यांचा फोन आला. दोन मिनिटं बोललात आणि टाळ फडक्यात गुंडाळलेत. काय म्हणाले, विचारलं तर म्हणालात, “यंदा आपण घरूनच हात जोडायचे.”

आपण. माझ्या तासाभराच्या बोलण्यात तो शब्द एकदाही आला नव्हता.

३० जूनला आळंदी-देहूहून पादुका एसटीनं निघाल्या. लाखांच्या वारीत सोबत मोजकी माणसं. टीव्हीवर फुलांनी सजलेली गाडी दिसली तसे बुक्का लावून उभे राहिलात. गाडी दिसेनाशी झाली तरी बसला नाहीत. पाण्याचा तांब्या घेऊन मी मागंच होते. तुमचे खांदे हलताना पाहिले. त्याबद्दल कधी बोललो नाही, नाही का?

पुढच्या मार्चात साठीपुढच्यांना लस सुरू झाली. दहा डोसांची कुपी, माणसं जमल्याशिवाय फोडायची नाही. दुपार झाली तरी कुणी फिरकेना. तेवढ्यात गंध-टोप्या दिसल्या. मोजून दहाजण आणले होतेत! बाही वर करून म्हणालात, “टोच गं.” त्या दिवशी तुमच्या पाया पडायचं राहून गेलं. ते आज पडते.

यंदा पालखीमार्गावरच्या आरोग्य पथकात माझं नाव आहे. पडशी नेते. टाळांशेजारी ओआरएसच्या पुड्या ठेवल्यात, चालेल ना? वाटेत एखादी माउली औषधाला नको म्हणालीच, तर शेजारी बसेन आणि म्हणेन, “आपण घेऊया.”

रामकृष्णहरी.

तुमची लेक