पाऊल सोडविण्याची विद्या

पडल्यावांचून सायकल येत नाहीं, हें वचन आम्हीं वयाच्या नवव्या वर्षीं ऐकलें आणि एकोणसाठाव्या वर्षीं त्याचा पुन्हां अनुभव घेतला. मधल्या पन्नास वर्षांत आमची अशी प्रामाणिक समजूत होती कीं, मनुष्य सायकल एकदां शिकला म्हणजे जन्माचें काम झालें. पोहणें आणि सायकल या दोन विद्या मनुष्य विसरत नाहीं, असें सगळेच म्हणतात. परंतु न विसरलेली विद्याहि कधीं कधीं नव्यानें शिकावी लागते, हें आम्हांस स्वारगेटच्या चौकांत समजलें.

आमचें पहिलें शिक्षण भाड्याच्या सायकलीवर झालें. त्या काळीं पुणें हें सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई, आणि तासाच्या बोलीनें सायकली देणारीं दुकानें पेठापेठांतून असत. सीटवर बसून पाय पुरत नसत, म्हणून दांड्याखालून एक पाय पलीकडे घालून आम्ही 'कैची' मारीत असूं. गुडघे फुटत; पण त्या फुटण्यांत एक न्याय होता. वेग फार झाला तर पडावें, आणि वेग कमी झाला कीं पाय टेकावा. पाय हा आमचा विश्वासू नोकर होता. भीति वाटतांच तो हुकुमाची वाट न पाहतां जमिनीवर जाई.

सेवानिवृत्तीनंतर आमच्या गुडघ्यानें तक्रार आरंभिली. फार चालण्यापेक्षां सायकल बरी, असें डॉक्टरांनीं सांगितलें. आमचा एक भाचा, रविवारीं पहांटे उठून कात्रज घाटांतील जुन्या बोगद्यापर्यंत सायकलीनें जाऊन येणाऱ्या मंडळींपैकीं आहे. त्यानें आपली जुनी शर्यतीची सायकल आमच्या मुकुंदनगरांतील दारांत आणून भिंतीस टेकविली. कारण तिला स्टँड नव्हता. मडगार्ड नाहीं, कॅरिअर नाहीं, साधी घंटीहि नाहीं. हें सर्व आम्हीं समजून घेतलें. पण पेडल पाहूं लागलों, तों तेथें पाय ठेवण्यापुरतीहि जागा दिसेना! पेडलाच्या नांवानें सुपारीच्या डबीएवढा एक तुकडा होता, आणि त्याच्याबरोबर भाच्यानें बुटांचा एक जोड दिला, त्याच्या तळव्यास त्रिकोणी प्लास्टिकची चकती स्क्रूनीं बसविलेली होती.

या पेडलांस इंग्रजींत 'क्लिपलेस' म्हणतात, म्हणजे क्लिप नसलेलीं. वस्तुतः पाय पेडलास अडकवून टाकणें हाच त्यांचा धर्म! नांवाचा हा घोटाळा जुन्या इतिहासामुळें झालेला आहे. पूर्वीं शर्यतीच्या सायकलींना बोटांवरून येणारा एक लोखंडी पिंजरा असे आणि त्यांतून एक चामडी पट्टा ओढून पाय आवळीत. मुंबई-पुणें शर्यतीचे गडी आम्हीं लहानपणीं पाहिले, त्यांच्या पायांना असे पट्टे होते. शर्यत संपल्यावर कोणी तरी सायकल धरी आणि ते वांकून हातानें पट्टा सैल करीत. तोंपर्यंत त्यांना खालीं उतरतां येत नसे. त्या पिंजऱ्याचें नांव क्लिप. तो गेला म्हणून हीं पेडलें क्लिपलेस झालीं.

पिंजरा कसा गेला, ही कथाहि मनोरंजक आहे. बर्फावर घसरण्याच्या स्कीच्या फळ्यांना बूट जोडण्याचीं साधनें करणाऱ्या लुक नांवाच्या फ्रेंच कंपनीनें 1984 सालीं तीच युक्ति सायकलीला लावली. पुढच्याच वर्षीं, म्हणजे 1985 सालीं, बर्नार इनो यानें तसलींच पेडलें वापरून फ्रान्सची प्रसिद्ध शर्यत पांचव्यांदा जिंकली, आणि पट्ट्यांचे दिवस भरले. स्कीचें बंधन करणाऱ्याला मुख्य चिंता असते ती पाय सुटण्याची. कारण पडतांना फळी सुटली नाहीं, तर पायाचें हाड पिळवटून मोडतें. पेडलाचेंहि तसेंच आहे. चकतीचें टोंक पुढच्या आंकड्यांत घालून टांच दाबावी, म्हणजे मागची कमान 'खट्' करून ती पकडते. टांच बाहेरच्या बाजूस वळवावी, म्हणजे ती सोडते. सरळ वर ओढल्यास मात्र ती सोडीत नाहीं, आणि भ्यालेला मनुष्य पाय सरळ वरच ओढतो.

"मामा," भाच्यानें आम्हांस बजाविलें, "अडकवणें कोणालाहि येतें. पाय काढायचा तो थांबल्यावर नव्हे, थांबायच्या आधीं. आणि नेहमीं डावा काढा. उजवीकडे गाड्या असतात."

आमच्या सौभाग्यवतींना हा सगळा प्रकार मुळींच पसंत नव्हता. आम्हीं त्यांना नाशिकच्या हितेंद्र व महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंचें उदाहरण दिलें. 2015 सालीं या दोघांनीं जोडीनें सायकल चालवून अमेरिका पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत ओलांडली. सुमारें 4,800 किलोमीटरांचा तो पल्ला आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "ते डॉक्टर आहेत. पडले तर एकमेकांना बांधतील. तुम्हांला कोण बांधणार?" या युक्तिवादास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. शेवटीं त्यांनीं एका अटीवर संमति दिली. "पडलांत तर घरीं येऊन सांगायचें. लपवायचें नाहीं." आम्हीं तत्काळ वचन दिलें. पडणारच नाहीं असा ज्याला भरंवसा असतो, त्याला असलीं वचनें देतांना विचार करावा लागत नाहीं.

आठ दिवस आम्हीं मुकुंदनगरच्या एका गल्लींत भिंतीला हात लावून अभ्यास केला. डावा पाय अडकवावा, सोडवावा. उजवा अडकवावा, सोडवावा. प्रत्येक पायाचें शतक पूर्ण झाल्यावांचून आम्ही चहा घेत नव्हतों. कमानीचा ताण एका लहान स्क्रूनें कमीजास्त होतो. भाच्यानें तो अगदीं सैल करून दिला होता. नवव्या दिवसापासून आम्ही सारसबागेपर्यंत जाऊं लागलों. पाय पेडलावरून निसटत नाहीं, पावलाची जागा हलत नाहीं आणि प्रत्येक फेऱ्याचें बळ चाकांत उतरतें, ह्याचें सुख आम्हांस कळूं लागलें. त्याबरोबर मानहि थोडी ताठ होऊं लागली.

चैत्रांतली सकाळ होती. सारसबागेकडून नेहरू स्टेडियमच्या कडेनें आम्ही जेधे चौकांत आलों. डोक्यावर उड्डाणपूल आणि जमिनीखालीं 2024 च्या सप्टेंबरांत सुरू झालेली मेट्रो, अशा दुमजली गर्दीच्या मध्यें आमचा तिसरा मजला उघड्यावर आहे. सिग्नल तांबडा झाला. आम्हीं नियमाप्रमाणें डावा पाय सोडविला आणि वेग कमी केला. इतक्यांत सारसबागेंतले एक परिचित पदपथावरून ओरडले, "वा! काय रुबाब आहे!" आम्हीं उजवा हात उंचावून त्यांच्या स्तुतीचा स्वीकार केला. सायकल चालती असतां ती ज्या बाजूस कलते, त्या बाजूस आपण पुढचें चाक वळवितों, आणि त्यामुळें चाकें पुन्हां आपल्या खालीं येतात. चाकें थांबलीं कीं ही सोय संपते. मग सारा आधार पायाचा. आमचें चाक थांबलें होतें, आमचा डावा पाय मोकळा होता, आणि आमची सायकल उजवीकडे कलली.

पडण्यास फार वेळ लागला. उजवा पाय काढण्याची आठवण झाली, तो सरळ वर ओढला, तो निघाला नाहीं, हें सर्व त्या अवधींत आम्हांस स्पष्ट कळलें. मग आम्ही रस्त्यावर होतों, आणि एका रिक्षाचें पुढचें चाक आमच्या खांद्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबलें होतें. रिक्षावाल्यानें धांवत येऊन सायकल उचलली, तों तिच्याबरोबर आमचा पायहि वर गेला. हार विकणाऱ्या एका बाईंनीं पाणी दिलें आणि विचारलें, "आजोबा, चक्कर आली का?" चक्कर आली नव्हती, हें सांगणें अधिक लाजिरवाणें होतें; म्हणून आम्ही मान हालविली. शेजारच्या स्टेडियमवर 1996 च्या विश्वचषकांत केनियानें वेस्ट इंडीजला 93 धावांत गुंडाळलें होतें. बलाढ्यांचें पतन त्या परिसरास नवें नाहीं, असें मनाचें समाधान करीत आम्ही सायकल हातीं धरून घरीं आलों.

आणि घरीं आल्यावर आम्हीं कांहींच सांगितलें नाहीं.

उजवें कोंपर चांगलेंच सोललें होतें. तें झांकण्यासाठीं आम्हीं ऐन चैत्रांत लांब बाह्यांचा सदरा घातला. जेवतांना उजवी बाही वर सारणें शक्य नव्हतें, त्यामुळें ती आमटींत भिजली. सौभाग्यवतींनीं पाहिलें, पण त्या बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं सदरा धुवावयास टाकला, तेव्हां बाहीला आंतून लागलेला डाग त्यांनीं आमच्यासमोर धरला. आम्ही दाराच्या कडीविषयीं कांहीं तरी बोलूं लागलों.

त्या रागावल्या असत्या तर बरें झालें असतें. त्या खालीं बसल्या आणि म्हणाल्या, "आईनेंहि असेंच केलें होतें."

त्यांच्या आई न्हाणीघरांत पडून मांडीचें हाड मोडलें, आणि पुढें सात महिने त्या अंथरुणावरून उठल्या नाहींत, हें आम्हांस ठाऊक होतें. त्यांची सारी सेवा सौभाग्यवतींनींच केली. परंतु त्या पडण्याच्या आधीं पंधरा दिवस त्या एकदां तेथेंच घसरल्या होत्या आणि मुलांना काळजी नको म्हणून त्यांनीं तें कोणास सांगितलें नव्हतें, हें आम्हीं त्या दिवशीं प्रथम ऐकलें. "तेव्हां सांगितलें असतें, तर भिंतीला एक कडी बसवली असती," त्या म्हणाल्या. "कडीला किती पैसे पडतात?"

आम्हीं सर्व सांगितलें. नमस्कार सांगितला, रिक्षाचें चाकहि सांगितलें. तें सांगतांना आमचा आवाज प्रथमच कांपला. चौकांत असतांना तो कांपला नव्हता. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "कोणत्या बाजूला पडलांत?"

दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या स्वतः गल्लींत येऊन उभ्या राहिल्या. त्यांना सायकल चालवितां येत नाहीं. तथापि भाच्याच्या लक्षांत न आलेली एक गोष्ट त्यांनीं अर्ध्या तासांत पकडली. डावा पाय सोडवितांना आम्ही अंग नकळत उजवीकडे टाकीत होतों. "पाय जिकडे, अंग तिकडे," असें त्यांनीं सूत्र घालून दिलें, आणि आम्ही वीस पावलांवर असतांनाच त्या "पाय!" म्हणून ओरडूं लागल्या. गल्लींतलीं मुलेंहि त्यांना साथ देऊं लागलीं. त्यांत आमची प्रतिष्ठा राहिली नाहीं, पण मांडीचें हाड राहिलें.

स्वारगेट या नांवांत स्वार आहे, म्हणून घोडेस्वारीची एक गोष्ट येथें सांगाविशी वाटते. रिकिबींत पावलाचा पुढचाच भाग ठेवावा, असें स्वारांना शिकवितात. पाय आंतपर्यंत गेला आणि स्वार पडला, तर घोडा त्याला फरफटत नेतो. बसण्याबरोबर सुटण्याचीहि तयारी ठेवावी, हें त्या जुन्या विद्येंतहि होतें. आम्हीं पन्नास वर्षें सायकल चालविली, परंतु हा अर्धा भाग आमचा कच्चाच राहिला होता, आणि आपण पडलों हें घरांत सांगणें हा त्याच भागांतला धडा आहे, असें आतां वाटतें.

आतां नेहरू स्टेडियमची भिंत सुरू झाली कीं, पुढचा सिग्नल हिरवा असला तरी आम्ही डावी टांच बाहेर वळवितों आणि अंग डावीकडे ठेवितों. स्तुति करणाऱ्यांस मानेनें उत्तर देतों. हात हँडलावरच असतात. मार्गशीर्षांत भाच्याबरोबर आम्ही कात्रजच्या जुन्या बोगद्यापर्यंत जाऊन आलों. घाट चढतांना तीनदां थांबलों आणि उतरतांना ब्रेक दाबून बोटें आंखडलीं. घरीं आलों तेव्हां सौभाग्यवती दारांत उभ्या होत्या. किती लांब गेलांत, असें त्यांनीं विचारलें नाहीं.

"कितीदां?" त्यांनीं विचारलें.

"एकदां," आम्हीं सांगितलें. "बोगद्याजवळ. डावीकडे, गवतांत."

त्यांनीं आमच्या डाव्या गुडघ्याकडे एक नजर टाकली आणि त्या चहा ठेवावयास आंत गेल्या.