घरात बोलका, रस्त्यावर मुका

मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नेट नावाचं उपनगर आहे. भारतीय वस्ती एवढी की संध्याकाळी फिरायला निघालेल्या आजी-आजोबांच्या गप्पांत मराठी हमखास कानावर पडतं. यातले बरेच जण व्हिजिटर व्हिसावर आलेले, कोणी सहा महिन्यांसाठी, कोणी वर्षभरासाठी. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत आणि आजोबांच्या खिशात नाशिकहून आणलेला जुना फोन.

घरच्या वायफायवर हा फोन ठणठणीत चालतो. सकाळी गावाकडच्या भावाशी व्हॉट्सॲपवर बोलणं होतं, दुपारी भजनी मंडळाचे व्हिडिओ येतात. मुलाने इथलं सिमकार्डही घालून दिलेलं असतं. मग एक दिवस आजोबा एकटेच बस थांब्यापर्यंत जातात, वायफाय सुटतं आणि पडद्यावर ‘नो सर्व्हिस’ दिसतं. रिचार्ज संपला असेल, असं समजून ते फोन खिशात टाकतात. रिचार्ज संपलेला नसतो. त्या फोनला नेटवर्कवर येऊ द्यायचं नाही, असा इथल्या कंपन्यांना नियमच आहे.

ऑस्ट्रेलियाने जुनी नेटवर्कं एकामागून एक बंद केली. टेल्स्ट्राचं टूजी १ डिसेंबर २०१६ रोजी गेलं, २०१८ च्या मध्यापर्यंत बाकीच्यांचंही गेलं. व्होडाफोनने २०२४ च्या सुरुवातीला थ्रीजी आवरलं. टेल्स्ट्रा आणि ऑप्टस यांनी मुदत पुढे ढकलत अखेर २८ ऑक्टोबर २०२४ पासून ते बंद केलं. कारण व्यवहाराचं होतं. रेडिओलहरींचे पट्टे मोजकेच असतात, आणि जे थोड्या जुन्या फोनांसाठी अडकून पडले होते ते फाइव्हजीला हवे होते.

मुदत पुढे का ढकलली, हे मात्र नीट समजून घेण्यासारखं आहे. फोरजी मुळात डेटासाठी आलं. त्यावरून आवाज नेण्याची सोय, म्हणजे व्होल्टे, मागाहून आली. ज्या फोनमध्ये व्होल्टे नाही, तो नेट फोरजीवर चालवतो आणि कॉल लावला की थ्रीजीवर उतरतो. थ्रीजी गेलं की त्याचं बोलणं थांबतं, आणि मालकाला ते लगेच कळतं. धोका दुसऱ्याच फोनांचा होता. ते रोजचे कॉल व्होल्टेवर बिनबोभाट लावत. फक्त ०००, म्हणजे पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिकेचा इथला क्रमांक, दाबला की थ्रीजी शोधायला जात. बनवतानाच त्यांत तसं बसवलेलं होतं. मार्च २०२४ मध्ये दळणवळण मंत्री मिशेल रोलंड यांनी अशा फोनांचा आकडा सुमारे ७ लाख ४० हजार सांगितला.

मुलीशी रोज बोलणाऱ्या माणसाला कसं कळावं, की याच फोनवरून रुग्णवाहिका बोलावता येणार नाही? तपासून बघायला ००० लावायचा नसतो.

म्हणून इथे तयारी झाली, आणि ती चांगली झाली. टेल्स्ट्रा आणि ऑप्टसच्या ग्राहकांनी ३४९८ या क्रमांकावर फक्त ‘३’ असा एसएमएस पाठवला की फोन चालेल की नाही याचं उत्तर येई. घराघरांत जेवणाच्या टेबलावर हे झालं: चष्मा चढवून आकडा टाइप करायचा आणि उत्तराकडे डोळे लावून बसायचं. जुन्या फोनवरून कॉल लावला तर आधी इशाऱ्याची ध्वनिफीत ऐकू येई. नुसत्या फोनांचाच प्रश्न नव्हता. पडल्यावर दाबायचं गळ्यातलं बटण, लिफ्टमधला मदतीचा फोन, कार्ड घासायची यंत्रं, शेतातल्या पाण्याच्या टाक्यांवरची उपकरणं, अशा कितीतरी गोष्टी थ्रीजीवर होत्या. शेवटी नियामक संस्थेने नियमच केला: ज्या फोनवरून ००० लागणार नाही, त्याला कंपनीने सेवाच द्यायची नाही. कठोर वाटतो, पण नियम योग्य आहे. संकटात दगा देणाऱ्या फोनपेक्षा आजच बंद पडलेला फोन बरा. निदान दुसरा घेतला जातो.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांची अडचण अशी, की आपल्याकडे हे उलट्या क्रमाने घडलं. २०१६ मध्ये आलेल्या जिओने टूजी-थ्रीजी कधी ठेवलंच नाही, एअरटेलने थ्रीजी बंद केलं, पण टूजी अजून जिवंत आहे. त्यामुळे बटणांचा साधा फोन सिन्नरच्या बाजारात खणखणीत बोलतो आणि मेलबर्नला उतरला की त्याला धरायला नेटवर्कच सापडत नाही. स्मार्टफोनचंही तसंच. नाव एकच असलं तरी भारतात विकलेलं मॉडेल आणि इथलं मॉडेल वेगळं असू शकतं, आणि भारतात व्होल्टे चालतं म्हणून इथे ००० लागेलच असं नाही.

तेव्हा आई-वडिलांना बोलावणाऱ्यांनी तिकीट काढतानाच त्यांच्या फोनवर स्टार-हॅश-०६-हॅश दाबायला सांगावं. जो १५ अंकी आकडा दिसेल तो आणि मॉडेल क्रमांक मागवून इथल्या कंपनीकडे विचारून घ्यावं. उत्तर ‘नाही’ असं आलं तर इथे विकला जाणारा साधा फोरजी फोन घ्या, त्यात घरचा पत्ता लिहून ठेवा, आणि विमानतळावर भेटताच तो त्यांच्या हातात द्या.