बडनेरा, अंजनगाव आणि पिंपळीचा मळा

मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या प्रवाशाला बडनेरा हे गाव बहुधा फलाटापुरतेच ठाऊक असते. अमरावतीकडे जाणारा फाटा येथून निघतो. मुक्तागिरीच्या यात्रेला निघालेली कुटुंबे आपली बोचकी आणि वृद्ध माणसे सांभाळीत येथेच उतरतात. जुनी वस्ती आणि नवी वस्ती असे गावाचे दोन भाग आहेत. आज हे गाव अमरावती महानगरपालिकेत सामावले असले, तरी स्टेशनावर उतरणारा माणूस ‘बडनेऱ्याला उतरलो’ असेच म्हणतो.

या फलाटाचा इतिहास व्यापारी घराण्यांनी मुद्दाम वाचावा असा आहे. लोहमार्ग येण्यापूर्वी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवरून शेकडो मैल दूर, गंगाकाठच्या मिर्झापूरला जात असे. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ वऱ्हाडातून पुढे सरकत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचले आणि कापसाने मुंबईची वाट धरली. या कंपनीचे भांडवल इंग्लंडमधील असंख्य भागधारकांकडून उभे राहिले होते. त्यांना पाच टक्के परताव्याची हमी होती आणि कमी पडेल ती रक्कम हिंदुस्थानच्या महसुलातून भरून दिली जात असे. म्हणजे पैसा अनेकांचा, नफा त्यांचाच, आणि तूट मात्र ज्यांना कोणी विचारलेही नाही अशा रयतेच्या माथी! अनेकांकडून थोडा थोडा पैसा गोळा करण्याची कल्पना मुळीच नवी नाही. तोटा कोणी सोसावयाचा, हा तिच्यातील अवघड प्रश्न मात्र तेव्हाइतकाच आजही ताजा आहे.

तो पुन्हा विचारण्याचे कारण बडनेऱ्याहून दर्यापूरमार्गे पुढे गेल्यावर सापडते. अंजनगाव सुर्जी हे गाव इतिहासाच्या पुस्तकात ३० डिसेंबर १८०३ च्या शिंदे-इंग्रज तहासाठी नोंदलेले आहे. (बडनेऱ्याजवळचे अंजनगाव बारी ते निराळे, नवखा प्रवासी हमखास फसतो.) या गावाच्या परिसरात आणि लगतच्या अकोट-तेल्हारा भागात पिंपळीची लागवड होते. सुंठ, मिरे आणि पिंपळी मिळून त्रिकटू होते, हे घरातील आजीला सांगावे लागत नाही. चौसष्ट प्रहर खललेली पिंपळी वैद्याच्या कपाटात असते, आणि तिचे मूळ गंठोडा या नावाने किराणा दुकानात मिळते. पण ही वेल ज्या मळ्यात वाढते तो मळा फार थोड्यांनी पाहिलेला असतो.

वऱ्हाडच्या उन्हात पिंपळीला सावली आणि सतत ओल लागते. म्हणून आधी सावली देणारी झाडे वाढवावी लागतात, मग त्यांच्या आसऱ्याने वेल. पाणी चुकवून चालत नाही. फळे एकदम पक्व होत नाहीत. पुन्हा पुन्हा हातांनी तोडणी, मग उन्हात वाळवण, मग निवड. पिकाला लागणारी जमीन थोडी, परंतु मजुरी आणि आरंभीचा खर्च मोठा. पानमळे सांभाळणाऱ्या बारी समाजाने हे पीकही पिढ्यान्‌पिढ्या जपले. केंद्र सरकार ज्या पिकांचे हमीभाव जाहीर करते, त्यांत कापूस आहे, सोयाबीन आहे, पिंपळी नाही. भाव पडला की मागे उभे राहणारे कोणी नाही. एक-दोन हंगाम फसले की मळा मोडून त्या जागी सोयाबीन पेरणे शेतकऱ्याला भाग पडते, आणि सावलीची झाडे एकदा तुटली की मळा पुन्हा सहज उभा राहत नाही.

पूर्वी अशा पिकांना बाजारपेठेतून उचल मिळे. आडत्या हंगामाआधी रक्कम देई आणि माल त्याच्याच आडतीवर येई. त्या उचलीने अनेकांचे हंगाम तारले आणि अनेकांचे पाय त्याच आडतीला बांधूनही ठेवले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि वाडवडिलांच्या चोपड्या ज्यांच्या घरी आहेत त्यांना त्या नाकारता येणार नाहीत.

आता ऑनलाइन परिसंवाद आणि लोकवर्गणी या जोडीने नवा मार्ग दिसतो आहे. खरे पाहता ही जोडीही वऱ्हाडला परकी नाही. गाडगेबाबांच्या कीर्तनाने माणसे जागी होत आणि लोकांच्या पैशातून धर्मशाळा उभ्या राहत. याच मातीतील पद्मश्री सुभाष पाळेकरांच्या नैसर्गिक शेतीच्या शिबिरांना शेतकरी दिवस-दिवस बसून राहत. बडनेऱ्याजवळ दुर्गापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे. २०२० च्या टाळेबंदीत देशभरच्या अशा केंद्रांनी प्रशिक्षणे पडद्यावर आणली आणि मोबाइलवर शेती पाहण्याची सवय शहरालाही लागली. मुंबईत ‘हरी भरी टोकरी’ या उपक्रमात काही कुटुंबे हंगामाची वर्गणी आगाऊ भरतात आणि आठवड्याला सेंद्रिय भाजीची टोपली घेतात. जपानमध्ये १९७० च्या दशकापासून अशी पद्धत ‘तेइकेई’ या नावाने चालू आहे.

पिंपळीच्या मळ्यालाही हे जमू शकेल. दीडशे घरांनी प्रत्येकी दोन हजार रुपये दिले, तर तीन लाख होतात. छोट्या मळ्याच्या हंगामाला हा मोठाच आधार. महिन्यातून एकदा संध्याकाळी शेतकऱ्याने मळ्यातूनच बोलावे. वेल दाखवावी, रोग पडला असेल तर तोही दाखवावा. वैद्याने उपयोग सांगावा, व्यापाऱ्याने प्रत ओळखावयास शिकवावी. स्वागत आणि आभार यांतच तासभर जाणार असेल, तर परिसंवाद न घेतलेला बरा.

पण येथेच सावध राहावे लागते. १९९० च्या दशकात सागवानाच्या लागवडीवर अनेकपट परताव्याची आमिषे दाखवून कित्येक कंपन्यांनी मध्यमवर्गाची पुंजी बुडविली. त्या अनुभवातून सेबीचे १९९९ चे सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम आले. शेतात पैसे घालून नफ्याचा वाटा देतो, असे सांगणारी योजना सेबीच्या नोंदणीशिवाय चालविता येत नाही. ऑनलाइन मंचावरून परस्पर कर्ज द्यावयाचे, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे एका व्यक्तीने एका कर्जदाराला पन्नास हजारांपेक्षा अधिक देता येत नाही, मुदत छत्तीस महिन्यांहून अधिक नसते आणि मंचाला परतफेडीची हमी देता येत नाही. म्हणून छोट्या मळ्याने व्याज किंवा नफा न बोलता माल द्यावा, हेच शहाणपणाचे. मालाची खरी आगाऊ किंमत २०१९ च्या ठेवबंदी कायद्यातही ठेव धरली जात नाही. दहा शेतकरी एकत्र येऊन उत्पादक कंपनी काढू शकतात. तिचे स्वतंत्र बँक खाते, दोघांच्या सह्या आणि प्रत्येक रकमेची पावती असली, की निम्मी भांडणे जन्मालाच येत नाहीत.

उरलेली निम्मी पीक फसल्यावर होतात. अर्धेच पीक आले तर प्रत्येक घराला अर्धाच वाटा, आणि काहीच आले नाही तर झालेल्या खर्चाचा हिशेब व शिल्लक परत, हे पैसे घेण्यापूर्वी लिहून वाचून दाखवावे. ते ऐकून पन्नास घरे मागे हटली तर हटू द्यावीत. राहिलेली शंभर घरे खरी. शेतकऱ्यालाही त्याच दिवशी कळावे, की गारपिटीनंतर त्याच्या दारी कोणी तगादा लावणार नाही, परंतु महिन्याचा हिशेब मात्र चुकला तर विचारणार.

एक बारीक गोष्ट अंजनगावच्या अंगणात वाळत घातलेली पिंपळी पाहिली की लक्षात येते. ताजी तोडलेली पिंपळी आणि वाळलेली पिंपळी यांच्या वजनात मोठे अंतर पडते. तेव्हा वर्गणीच्या कागदावर नुसते ‘किलो’ लिहून भागत नाही. ‘वाळलेली, निवडलेली, देठ काढलेली’ असे लिहावे लागते. बडनेऱ्याच्या फलाटावर परतीच्या गाडीची वाट पाहताना पिशवीतली पुडी उघडून यात्रेकरूंनी ती एकदा हुंगून पाहावी. ठसक्याने डोळ्यांत पाणी आले, तर माल उत्तम.