उजेडातले जेवण

सुटीवर गेलेली माणसे हिंडून दमत नाहीत. ती ठरवून ठरवून दमतात. घरी असताना ‘आज जेवायला काय करू?’ या प्रश्नाला ‘काहीही कर’ एवढे उत्तर पुरते. गृहिणी कपाळाला आठी घालते, पण आमटी होते आणि दिवस निभावतो. परमुलखात ‘काहीही’ नावाचा पदार्थ कोठे मिळत नाही. तिथे नाव सांगावे लागते, वेळ सांगावी लागते आणि माणसे किती तेही सांगावे लागते.

त्यातून तो परमुलूख म्हणजे फ्लोरिडातले वॉल्ट डिस्ने वर्ल्ड असले, तर विचारूच नका. 1 ऑक्टोबर 1971 रोजी उघडलेली ही मयनगरी. आत चार मोठमोठ्या बागा, हॉटेले, तळी, बोटी आणि हॉटेलच्या पोटातून आरपार जाणारी एकरुळी गाडी! इथल्या नावाजलेल्या खाणावळीत टेबल हवे असेल तर साठ दिवस आधी ते राखून ठेवावे लागते. साठ दिवसांत आमच्याकडे एखादे लग्न ठरते, मोडते आणि पुन्हा जुळतेसुद्धा! राखलेल्या टेबलावर तुम्ही आला नाहीत तर माणशी 10 डॉलर दंड. तेव्हा भूक कधी लागेल आणि कशाची लागेल, हे दोन महिने आधी ज्याला सांगता येते तोच तिथे सुखाने जेवतो.

2023 सालच्या हिवाळ्यात आम्ही दोघे न्यू जर्सीला मुलाकडे होतो. नाताळच्या सुटीत नातीला मिकी माऊस दाखवायचा बेत ठरला होता. ऑक्टोबरातल्या एका पहाटे मुलगा, सूनबाई आणि आठ वर्षांची नात अशी तिघे संगणकापुढे बसून जेवणे ठरवू लागली. आम्ही दोघे चहाचे कप हातात घेऊन प्रेक्षकांत. सकाळची न्याहारी मिकीबरोबर, दुपारचे खाणे चालता चालता; पाहता पाहता यादी भरली. एक संध्याकाळ मात्र मुलाने मोकळी ठेवली होती.

“त्या दिवशी काय?” मी विचारले.

“बघू या, बाबा. कुठेतरी पिझ्झा-बिझ्झा खाऊ,” तो म्हणाला.

तेवढ्यात नात म्हणाली, “नाही, आजोबा! बाबाला स्टेक हवाय. त्याचा वाढदिवस असला की आम्ही नेहमी स्टेकच खायला जातो!”

लहान मुलांना खोटे बोलायला शिकवावे लागते. खरे ती आपले आपण बोलतात. सूनबाईने खिडकीबाहेर पाहिले. सौ. दूध उतू गेले की काय ते बघायला उठली. वास्तविक शेगडीवर दूध नव्हतेच. आणि चाळीशी ओलांडलेला माझा मुलगा, काचेची बरणी फोडल्यावर आठव्या वर्षी जसा उभा राही, तसाच चेहरा करून बसला.

आमच्या घरात मटणाला मज्जाव नाही. सौ.च्या गळ्यात तुळशीची माळ आहे, म्हणून तिचे पातेले निराळे, एवढेच. पण आमचे गाव कृष्णाकाठचे. घर शेतकऱ्याचे. बेंदराच्या दिवशी बैलांची शिंगे रंगवायची, पाठीवर झूल टाकायची आणि पहिली पुरणपोळी त्यांना चारून मग माणसांनी पानावर बसायचे, ही आमची रीत. याच मुलाने लहानपणी माझ्या वडिलांच्या खांद्यावर बसून हरण्या नावाच्या बैलाच्या शिंगांना बेगड लावलेली आहे. अशा घरात ‘खाऊ नये’ असे कोणी सांगावे लागत नाही. आणि ‘मी खातो’ असे सांगायची तर सोयच नसते. मुलाने ते सांगितले नव्हते. अमेरिकेत त्याला सोळा वर्षे झाली होती, आणि आमच्या दर मुक्कामात तो कोंबडी खाऊन गप्प राहिला होता.

“कुठले स्टेकहाऊस चांगले आहे म्हणालास?” मी विचारले. माझा आवाज मला वाटला त्याहून मोठा निघाला असावा, कारण सौ. नसलेल्या दुधाजवळून परत आली.

मग निवड सुरू झाली. स्टेकहाऊस ही अमेरिकनांची खास संस्था आहे. न्यूयॉर्कमध्ये डेल्मोनिको बंधूंची खाणावळ 1830 च्या दशकात नावारूपाला आली, ब्रुकलिनचे पीटर लूगर 1887 मध्ये निघाले. पुढे रेल्वे आणि बर्फाचे डबे आले, शिकागोच्या गुरांच्या बाजारातून मांस देशभर जाऊ लागले आणि भाजलेल्या मांसाचा जाड तुकडा हे भरभराटीचे चिन्ह होऊन बसले. बढती मिळाली, मुलगी पदवीधर झाली, लग्नाला पंचवीस वर्षे झाली की अमेरिकन माणूस स्टेकहाऊसला जातो. आपल्याकडे असा प्रसंग पेढ्यांवर भागतो.

डिस्नेच्या नगरीत याची तीन ठिकाणे मुलाने काढली होती. पहिले ‘स्टेकहाऊस 71’. नगरी उघडल्याच्या सालावरून हे नाव, निघाले मात्र 2021 मध्ये. ते सर्वांत साधे, म्हणून आधी बाद झाले. सणाच्या दिवशी साधे कोण घेतो? उरली दोन, आणि ती एकमेकांच्या अगदी उलट होती.

एक ‘ल सेलिए’. 1982 मध्ये उघडलेल्या एपकॉट या बागेत निरनिराळ्या देशांचे देखावे मांडले आहेत. त्यांतल्या कॅनडाच्या देखाव्यात ओटावातल्या शातो लॉरिए या जुन्या हॉटेलाची प्रतिकृती आहे आणि तिच्या पायथ्याशी ही खाणावळ. फ्रेंच नावाचा अर्थ तळघर, आणि खोलीही तशीच: छत ठेंगणे, कमानी दगडी, दिवे मिणमिणते. आत जायला बागेचे तिकीट काढावेच लागते. तिथले चीजचे सूप प्रसिद्ध आहे. सौ.चे डोळे चमकले; पण त्यात बिअरही असते आणि डुकराचे मांसही, हे कळताच ती पुन्हा तुळशीमाळेशी चाळा करू लागली.

दुसरे ‘यॉट्समन’. हे बागेबाहेर, 1990 मध्ये उघडलेल्या यॉट क्लब हॉटेलात. रॉबर्ट स्टर्न या वास्तुशिल्पज्ञाने ते न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावरील जुन्या हवेल्यांच्या धर्तीवर बांधले. तळ्याच्या काठाने एपकॉटच्या मागच्या दारापासून चालत जाता येते. तिथल्या गोल दालनाला मोठमोठ्या खिडक्या आहेत. मात्र तिथे एक अडचण होती. खाटकाचे काम दिसावे म्हणून मांस काचेआड मांडलेले असते.

दोन्हीकडे एका स्टेकला 50 डॉलरांहून अधिक पडणार. तेव्हा पैशाने निकाल लागेना. मुलाचा कल पहिल्याकडे. त्याने कारणेही दिली: थंडीत तळघर उबदार, नातीला कॅनडा दिसेल, बागेतून बाहेर पडायला नको. कारणे उत्तम होती. पण चारपाच कारणे देणारा माणूस खरे कारण सहसा पोटात ठेवतो. मी संगणकावरची ती दोन चित्रे पुन्हा पाहिली. एका चित्रात शेजारच्याच्या ताटात काय आहे ते दिसू नये इतका अंधार होता. दुसऱ्यात सर्व काही दिसत होते.

“यॉट्समन घे,” मी म्हणालो. “खायचे तर उजेडात खावे.”

“पण बाबा, तिथे दारातच—”

“असू दे,” सौ. म्हणाली. “पंढरीच्या वाटेवर खाटकाची दुकाने लागत नाहीत का? आम्ही डोळे मिटून का चालतो?”

साठ दिवसांनी आम्ही त्या गोल दालनात बसलो, तेव्हा मला या महागड्या खाणावळींचे मर्म प्रथम समजले. बागेत दिवसभर माणूस उभा असतो. पाळण्यासाठी उभा, मिकीसाठी उभा. खातो तेही कागदी द्रोण हातात धरून, नजर पुढच्या रांगेवर. चार दिवस आम्ही पाच जण एकत्र होतो खरे, पण एकमेकांच्या पाठी पाहत. इथे प्रथमच समोरासमोर बसलो. स्टेकहाऊसमध्ये मोजलेल्या पैशांपैकी निम्मे मांसाचे असतील. निम्मे खुर्चीचे आणि त्या दोन तासांचे.

काचेआडच्या मांसासमोरून सौ. नातीचा हात धरून आली होती. डोळे मिटले नाहीत. बसल्यावर एवढेच म्हणाली, “स्वच्छ ठेवतात हो.” तिच्यासाठी यादीत पानाची खूण असलेला पदार्थ सापडला, वनस्पतिजन्य पदार्थांपुढे अशी खूण छापण्याची पद्धत डिस्नेने 2019 मध्ये सुरू केली. पावाबरोबर अख्खा भाजलेला लसणाचा गड्डा आला. पाकळी दाबली की लोण्यासारखा लसूण बाहेर येई. तो तिने इतक्या प्रेमाने संपवला की वाढप्याने न मागता दुसरा आणून दिला. मी मासा मागवला.

मुलाची पाळी आली. स्टेक मागवणे हेही एक शास्त्र आहे. कण्याच्या आतल्या बाजूचा, फारसा न राबणारा स्नायू म्हणजे फिले. तो सर्वांत मऊ. बरगडीजवळचा रिब-आय, त्यात चरबीच्या रेषा संगमरवरासारख्या पसरलेल्या, म्हणून चव अधिक. थंड हवेत काही आठवडे मांस उघडे मुरवले तर त्यातले पाणी उडून चव दाट होते. आणि शेवटचा प्रश्न, भाजायचे किती? आत 55 अंशांच्या आसपास उष्णता पोचली की ते गुलाबी आणि रसाळ राहते. 70 च्या पुढे गेले की पार करडे आणि कोरडे होते. मुरलेला खवय्या गुलाबी मागतो.

“रिब-आय,” मुलगा म्हणाला. मग आमच्याकडे चोरून पाहून, “वेल डन.”

वाढप्या क्षणभर थांबला. उत्तम आंबा घेऊन त्याचा मुरंबा करायला सांगावा, तसा त्याचा चेहरा झाला.

“तू एरवी असाच मागवतोस?” मी मराठीत विचारले.

तो काही बोलला नाही. सूनबाईने हळूच मान हलवली: नाही.

“मग एरवी मागवतोस तसा मागव,” मी म्हटले.

ताट आले. कापल्यावर लाल रस वाहिला. ते रक्त नसते, स्नायूंतल्या मायोग्लोबिन नावाच्या द्रव्याचा तो रंग असतो, हे मी वाचून आलो होतो. तरी पोटात काहीतरी हलले, ते हललेच. हरण्याचे शिंग डोळ्यांपुढे आले. मी मान वळवली नाही. मुलगा पहिला घास खाऊन थांबला, आणि मग, अगदी साध्या आवाजात, तो सोळा वर्षांपूर्वीच्या पहिल्या हिवाळ्याविषयी बोलू लागला. कोणी सहकाऱ्याने त्याला घरी जेवायला बोलावले होते, ताटात काय आहे ते विचारायचा धीर झाला नव्हता, आणि कळल्यावर तो रात्रभर जागा राहिला होता. फोनवर आम्हाला सांगावेसे वाटले होते. “सांगितले नाही,” तो म्हणाला. सौ.ने पावाचा तुकडा मोडून, त्यावर लसूण लावून, त्याच्या ताटाच्या कडेला ठेवला. ती एवढेच म्हणाली, “कोरडे खाऊ नकोस.”

सारे पटले, असे मी म्हणणार नाही. मला ते आजही पटत नाही आणि मी ते खाणार नाही. पण ज्या ताटाविषयी बोलता येत नाही, ते ताट घरात भिंतीसारखे उभे राहते. बोलता येते, तेव्हा ते फक्त ताट असते. वॉल्ट डिस्नेला स्वतःला डब्यातली चिली आणि घेवडा फार आवडे म्हणतात. त्याच्या नावाच्या नगरीत लोक 50 डॉलरांचा तुकडा निवडताना घाम गाळतात, हे पाहून तो गृहस्थ हसला असता.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोटारीने केप कॅनव्हेरलकडे निघालो. डिस्नेच्या माणसांनी 1960 नंतरच्या दशकात गुपचूप सुमारे 27000 एकर जमीन घेतली, तेव्हा हा सारा टापू दलदल, संत्र्यांच्या बागा आणि गुरांची कुरणे असाच होता. फ्लोरिडात गुरे प्रथम आणली ती 1521 मध्ये, पोन्स द लेओन या स्पॅनिश दर्यावर्दीने. कुरणे अजून आहेत. ताडांच्या सावलीत गुरे उभी होती, आणि त्यांच्या पाठीवर वशिंड होते! गळ्याखाली लोंबती पोळी, कान लांब. मुलाने गाडीचा वेग कमी केला.

“बाबा, ही आपल्याकडची दिसतात.”

आपल्याकडचीच होती. ऊन आणि गोचीड सोसणारे जनावर हवे म्हणून 1854 ते 1926 या काळात तीनशेहून कमी भारतीय गुरे अमेरिकेत आणली गेली. गीर, गुजरातकडची कांकरेज, नेल्लोर आणि कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली, या जातींपासून तिथल्या लोकांनी ‘ब्राह्मन’ नावाची जात तयार केली. कृष्णा व्हॅली म्हणजे काळ्या चिकट रानात नांगर ओढायला दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानिकांनी 1880 च्या सुमारास वाढवलेला आमच्याच भागातला बैल! फ्लोरिडातल्या गुरांत आज त्या ब्राह्मन रक्ताचा मोठा वाटा आहे. इथली वासरे मोठी व्हायला पश्चिमेकडच्या राज्यांत जातात आणि तिथून कुठकुठल्या ताटांत.

हे सारे मी गाडीत सांगितले. कोणी काही बोलले नाही. नातीने खिडकीची काच खाली केली आणि वशिंड म्हणजे काय ते विचारले. मुलाने ते तिला मराठीत समजावून सांगितले. बेंदूर, झूल आणि शिंगांची बेगड, सगळे.

सौ. बराच वेळ मागे वळून कुरणाकडे पाहत होती. मग म्हणाली, “किती लांब आली बिचारी. पण अंगाने चांगली भरलीत.”