घराचा नकाशा काढा

साहित्यातलं कुटुंब शिकवायचं म्हणजे नाती शिकवायची, असं मी वर्षानुवर्षं मानत आले. सासू-सून, भाऊ-भाऊ, नवरा-बायको. कोण कोणाला काय बोललं आणि का. ओसरी, माजघर, चूल, धान्याची कणगी ही सगळी वर्णनं. ‘तेवढं घरी वाचा रे,’ म्हणून मी पुढच्या संवादावर उडी मारायची. ‘पण लक्षात कोण घेतो’मधली यमू, ‘धग’मधली कौतिक, ‘स्मृतिचित्रे’तल्या लक्ष्मीबाई, सगळ्या याच चाळणीतून जायच्या. हल्ली मी तसं शिकवत नाही, आणि त्याला कारण घोड नदीकाठचं इनामगाव.

गाव आमच्याच शिरूर तालुक्यातलं. वर्गातली पुष्कळ पोरं त्याच पट्ट्यातून येतात. तिथं डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं, ह. धी. सांकलिया आणि म. के. ढवळीकर त्यात होते, इतपत ऐकून होते. पण ते इतिहासवाल्यांचं खातं. मुलांना जवळचं काहीतरी सांगावं म्हणून वाचायला घेतलं आणि अडकले.

इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातली शंभराहून जास्त घरं तिथं सापडली. कुडाच्या भिंती, चोपलेली जमीन, चूल, धान्याची पेवं. त्यात एक पाच खोल्यांचं घर, शेजारी कोठार. अभ्यासक ते गावच्या प्रमुखाचं मानतात. मला मात्र वाचता वाचता तीन भाऊ, तीन जावा आणि कोठाराची किल्ली कमरेला लावलेली एक सासू दिसायला लागली. मातीच्या घराला किल्ली कुठली! कादंबऱ्या वाचून डोकं असं तयार होतं.

मन खरं फिरलं ते पोरांच्या दफनांपाशी. दगावलेलं मूल दोन मडक्यांत ठेवायचं, मडकी तोंडाला तोंड लावून आडवी करायची आणि राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरायची. शेजारी लहानशी भांडी. वर चूल पेटती, माणसं जेवताहेत, झोपताहेत. अशी दफनं एखाद-दुसरी नाहीत, ढिगाने आहेत. मोठ्या माणसांचे पाय घोट्यापासून तोडून मग त्यांना पुरायचे, असंही तिथं दिसतं. त्यामागे मेलेल्याने परत हिंडू नये अशी भीती असावी, असा तर्क केला जातो. पोरांना ती शिक्षा नाही. पोरं तशीच, घरातच ठेवलेली.

आता आपली जुनी आत्मचरित्रं आठवा. मूल गेल्याची बातमी त्यांत कितीदा एका ओळीत उरकते आणि पुढच्या ओळीत बिऱ्हाड बदलल्याची हकीकत सुरू होते. मी वर्गात म्हणायची, त्या काळी मृत्यूची सवयच होती, मन निबर झालेलं असायचं. इनामगावात तर बोललेलं एक अक्षर नाही, आणि तरी ते पोर घराबाहेर ठेवायला कोणी धजलेलं नाही. मग लेखिकेच्या त्या एका ओळीवरून तिचं मन निबर ठरवणारी मी कोण? पुस्तकात जे बोललं जात नाही ते घरात नव्हतंच, हे गृहीत मी तिथं सोडलं.

नाती पुस्तकातल्या शब्दांवरूनच वाचायची, या माझ्या जुन्या पद्धतीला मी मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांचा आधार घेत असे. वेदवाङ्मयातली आणि महाभारतातली नाती त्यांनी ग्रंथांवरूनच तर मांडली. पण त्याच बाई डेक्कन कॉलेजात राहून गावोगाव हिंडत होत्या, माणसांना घरातल्या नात्यागोत्याचं विचारत होत्या. १९५३ चं त्यांचं भारतातल्या नातेव्यवस्थेवरचं पुस्तक या दोन्हींवर उभं आहे. मी सोयीचं तेवढं उचललं होतं.

आता कादंबरी सुरू केली की पहिलं काम, घराचा नकाशा काढा. कोण कुठं झोपतं, धान्य कुठं, बायका दुपारी कुठं टेकतात. यमूच्या सासरचा नकाशा काढताना एका मुलीने विचारलं, “मॅडम, हिला नवऱ्याशी दिवसा बोलायला जागा कुठंय?” संवादांवर मी तासन्‌तास घालवले, हा प्रश्न कधी निघाला नव्हता. यमू मुंबईला वेगळं बिऱ्हाड केल्यावर एवढी का खुलते, ते मग मला सांगावं लागलं नाही.

एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) हे नाटक तर इनामगावशेजारी ठेवूनच शिकवते. दुष्काळ आला, पीक घटलं, तसं इनामगावकरांनी चौकोनी घरं सोडून लहान गोल झोपड्या बांधल्या. तीन-चार झोपड्या मिळून एक कुटुंब असावं, असा ढवळीकरांचा अंदाज. दिवस फिरले, घरही फिरलं. नाटकातल्या धरणगावकर देशपांड्यांना ते जमत नाही. वाडा तेवढाच राहतो, माणसं त्याखाली दबतात.

सगळंच भिंतींवरून कळतं, असं माझं म्हणणं नाही. पाच खोल्यांतली सून कोणत्या गावची, तिला कोण टोचून बोलायचं, हे पेवात सापडत नाही. त्यासाठी कौतिकच हवी. एक सहकारी चिडवतात, मराठीचा तास की गृहशास्त्राचा? परीक्षेत अजून ‘स्वभावचित्र रेखाटा’ हाच प्रश्न येतो, तेव्हा तेही करून घेतेच. पण मागच्या वर्गात ‘वाडा चिरेबंदी’तला बंद पडलेला ट्रॅक्टर नकाशात कुठं दाखवायचा यावरून दोन तट पडले. एक म्हणे अंगणात, दुसरा म्हणे घरातल्या माणसांच्या यादीत. तास संपला तरी पोरं उठेनात.